सोमवारी गेलेली सुट्टी

बाळगोंडा आण्णा सकाळपासून पलूसच्या एसटी स्टँडवर बसले होते. मुंबईचा मुलगा भरतेश नातीला, ब्राह्मीला, घेऊन येणार होता. शुक्रवारी ईदची सुट्टी, शनिवारी अनंत चतुर्दशी, रविवारी आण्णांच्या उपासाचं पारणं. सगळ्या धर्मांनी मिळून मुलाला घरी धाडायचा योग जुळवून आणला होता.

जैनांच्या दशलक्षण पर्वातले शेवटचे उपास, पोटात नुसतं उकळलेलं पाणी. बायको चंदनाबाई गेल्यापासून कुंडलच्या घरात उपास करणं सोपं झालं होतं. आग्रह करणारंच कुणी उरलं नव्हतं.

मुंबईची गाडी आली. तिच्यातून दोन पोती उतरली आणि कंडक्टर चहाला गेला. पुढच्या गाडीनं येत असतील, असं म्हणून आण्णा पुन्हा बाकावर टेकले.

समोर ईदचं सरबत वाटणं चाललं होतं. दिलावर मुजावर गुलाबी ग्लास घेऊन आला.

"घ्या आण्णा, गार हाय."

"उपास हाय रं."

"मग दिस बुडल्यावर सोडा की!"

"दिस बुडल्यावर आमी खात न्हाई."

"मग खाता कवा?"

"परवा."

दिलावरला ते पटलं नाही. त्यानं ग्लास आण्णांच्या हातात ठेवलाच. एवढ्यात शेजारच्या गणेश मंडळाचा कृष्णात शिऱ्याची पत्रावळ घेऊन आला.

"उपास? मग शाबूची खिचडी आणतो."

"चालत न्हाई."

"केळी?"

"न्हाई."

"मग उपासाला खाता तरी काय?"

"काय न्हाई. म्हणून त्याला उपास म्हणत्यात!"

तरीही कृष्णातनं शिरा दुसऱ्या हातात दिला आणि केळ्यांचा घड मांडीवर ठेवला. देवाचं आहे, नको कसं म्हणायचं? आण्णा सगळं सांभाळत बसले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो काढायला ते वाकले आणि सगळं सरबत पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं.

"आवं, म्हाताऱ्याला रगत आलं!" कुणीतरी ओरडलं.

चौघांनी धावत येऊन आण्णांना धरून आडवं केलं. कृष्णातनं फोन उचलला. "भरतेशभाऊ? तुमचा बा पडलाय! उपाशी हाय, छातीभर रगत!"

आण्णांनी कसाबसा फोन हिसकावला. पलीकडून भरतेश ओरडला. "आण्णा! मी निघतोच!"

"म्हंजे अजून निघालाच न्हाईस?"

"अहो, सरकारनं मुंबईतली ईदची सुट्टी सोमवारवर ढकलली. ग्रुपवर टाकलं होतं की! आज ऑफिस आहे, उद्या विसर्जनामुळं रस्ते बंद, मंगळवारी ब्राह्मीची परीक्षा. पण ते सगळं राहू दे. आत्ता गाडी काढतो. खरं सांगा, काय झालंय?"

'चक्कर आली' एवढं म्हटलं असतं, तर रात्रीपर्यंत नात दारात आली असती. आण्णांनी तोंड उघडलंही. पण उत्तम सत्य हा दशलक्षणातलाच एक धर्म. याच पर्वात मंदिरात त्यावर प्रवचन झालं होतं आणि आण्णांनी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती.

"सरबत सांडलंय," ते म्हणाले. "मला काय झालं न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

"हुश्श! जीव भांड्यात पडला. मग दिवाळीला येतो आण्णा."

कृष्णातनं त्यांना मोटरसायकलवरून घरी सोडलं.

रविवारी सकाळी आण्णांनी पारण्याचं पाणी पुढं घेतलं. पहिला घोट घरच्या माणसानं पाजायचा, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणून भरतेशनं व्हिडिओ कॉल लावला. "आण्णा, मला पाच मिनिटांत निघायचंय, जरा लवकर—" एवढं म्हणाला आणि नेटवर्क अडकलं. पडद्यावर तोंड उघडं टाकलेला भरतेश आणि हात पुढं केलेली ब्राह्मी तशीच राहिली.

आण्णांनी थोडी वाट पाहिली. मग त्या थिजलेल्या हाताला वाटी टेकवली आणि पाणी प्यायले. फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि उसाला आलेली कीड, गुडघ्याचं दुखणं, शेजारच्या म्हशीला झालेली रेडी, सगळं सविस्तर सांगत बसले.

किती वर्षांनी पोराला घाई नव्हती.