भिवराबाईंनी महाद्वारास शिक्का नाकारल्याची हकीकत

॥ श्री ॥ जिने प्रश्न विचारावयास जिव्हा दिली आणि खरे उत्तर ऐकावयास कान दिले, त्या वाग्देवीस दंडवत घालोन हे लिहावयास घेतले. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, आषाढमासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव कोणी विचारू नये; ज्यांस ठाऊक आहे ते मान खाली घालतील आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांस ते आपलेच वाटेल. ते राज्यी पाऊस लागला म्हणजे बिळांत पाणी शिरे आणि साप बाहेर येत, आणि रयतेस दंश होत, आणि विषावरची लस कोणते दवाखान्यात आहे हे शोधीत हिंडेपर्यंत माणूस हातचा जाई. मग महाराजांनी मनावर घेऊन हुकूम केला की, एक महाद्वार उभारावे, रयतेने घरबसल्या त्यास विचारावे आणि द्वाराने सांगावे. त्या द्वाराचे नाव ब्राउझर. आणि डोंगरावर एक गड होता, त्याचे नाव सर्व्हर. सर्व दवाखान्यांत लस किती उरली हे रोज त्या गडास कळत असे. द्वाराने प्रश्न गडावर धाडावा, गडाने उत्तर खाली धाडावे, द्वाराने ते रयतेस दाखवावे, इतकाच बेत. बेत चांगला होता. चांगल्या बेताचे दरबारात काय होते ते आता सांगतो.

द्वार खुले होण्याआधी पारखून घेण्याचे काम भिवराबाई तपासनीस यांजकडे होते. बाईंचा शिक्का उठल्याखेरीज राज्यात कोणतेही द्वार उघडत नसे, आणि तो शिक्का बाई कमरेस बांधोन फिरत. बाईंनी यंत्राच्या बाहुल्या करविल्या. त्यांनी रयतेसारखे द्वारी जावे, कळ दाबावी, प्रश्न विचारावा, आणि उत्तर नीट दिसले तर हिरवे निशाण लावावे, न दिसले तर तांबडे. परंतु गड दूर आणि वाटेत धुके, आणि बाहुल्या दिवसभर एकसारखे विचारीत म्हणोन गडकरी जेरीस आले. मग बाईंनीच तोड काढिली की, खरा प्रश्न एकदाच गडावर धाडावा, गडाचे उत्तर अक्षरन् अक्षर टिपून घ्यावे, आणि नकला करणारा दौलू बहुरूपी यास ते पाठ करवून द्वाराच्या पडद्याआड बसवावे. बाहुलीने विचारिले की दौलूने गडाच्या आवाजात बोलावे. द्वारास वाटे, गडच बोलतो आहे. येणेप्रमाणे तालीम झपाट्याने होऊ लागली आणि गडकरी दोन घास सुखाने जेवू लागले.

येथवर सर्व ठीक. परंतु त्या दरबारी एक रीत होती. 'नाही' हा शब्द महाराजांच्या कानी घालावयाचा नाही. पाऊस नसला तर 'पाऊस येणार आहे' म्हणावे, धान्य सरले तर 'धान्य वाटेत आहे' म्हणावे. ही रीत दिवाण विसोपंत यांच्या आजोबांनी घातली, वडिलांनी जोपासली आणि खुद्द पंतांनी तिजवर कळस चढविला. आणि गडाची उत्तरे टिपणारे कारकून त्याच दरबारात वाढलेले. गडावरून 'आहे' आले की ते टिपून घेत. 'नाही' आले की ते टाकून देत आणि पुन्हा विचारीत, आणि 'आहे' येईपर्यंत विचारीतच राहत. यात काही वावगे होते आहे ऐसे त्यांच्या स्वप्नीही आले नाही. उलट काम चोख जाहले म्हणोन ते पान जमवीत बसत.

मग आषाढ सरत आला आणि विसोपंतांनी मुहूर्त काढिला नागपंचमीचा. सापांच्या सणास सापांचे द्वार, कल्पना पंतांस फारच गोड वाटली. तिकडे बाहुल्या रोज हिरवी निशाणे लावीत, एकही तांबडे नाही, आणि दिवाणखान्यात सर्वांच्या मुद्रा प्रसन्न. एकट्या भिवराबाईंच्या कपाळी आठी. बाई म्हणाल्या, "इतके हिरवे तर श्रावणात कुरणही नसते." आणि उठोन पडद्याआड गेल्या आणि दौलूस म्हणाल्या, "दौलू, खालपेठेच्या दवाखान्यात लस संपली आहे ऐसे समज. गड काय म्हणेल ते बोल बघू." दौलू डोके खाजवीत म्हणाला, "बाईसाहेब, ते मला कुणी शिकवलंच नाही. मला एवढंच येतं: 'आहे, सत्वर यावे.' कारकूनसाहेब म्हणाले, बाकी काही लागणार नाही." हे ऐकताच बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली. म्हणजे बाहुल्या ज्यास होकार देत होत्या तो गड नव्हेच. कारकुनांनी निवडून पाखडून ठेविलेला एकच गोड शब्द तो.

मग बाईंनी कोणास न पुसता दौलूस गडाचे सर्व स्वभाव शिकविले. लस नसता 'नाही' म्हणावयास शिकविले, आणि धुके पडिले ऐसे समजोन अगदीच गप्प राहावयास शिकविले, आणि अर्धे उत्तर देऊन मध्येच तुटावयास शिकविले, आणि 'गड आज बंद आहे' ऐसे खेकसावयासही शिकविले. दौलूस तर उधाण आले. गुणी नकल्याला इतके दिवस एकच वाक्य बोलावयास लाविले होते. मग बाहुल्या सोडिल्या. दौलू 'नाही' म्हणाला, आणि द्वारावर झळकले, 'आहे, सत्वर यावे.' कारण द्वार घडविणाऱ्या कारागिरांनी जन्मात दुसरे उत्तर पाहिले नव्हते. काहीही आले तरी त्यांचे द्वार 'आहे'च म्हणे. दौलू गप्प राहिला तों द्वार आ वासून उभे राहिले, आणि अर्धे बोलला तों बिजागरीतून निखळोन पडिले. सारे आवार तांबड्या निशाणांनी भरोन गेले. भिवराबाई त्या निशाणांमध्ये उभ्या होत्या, आणि जी बाई द्वाराकडे बघोन लस आहे म्हणोन नवऱ्यास गाडीत घालील आणि तेथे रिकामे कपाट बघील, ती त्यांस डोळ्यांपुढे दिसू लागली.

वार्ता विसोपंतांस पोचली तों पंतांच्या नाकास मिरच्या झोंबल्या. दुसरे दिवशी दरबार भरला, आणि पंत उभे राहोन बोलिले, "महाराज, घात जाहला! बाईंनी एका बहुरूप्याकरवी महाराजांच्या गडाच्या तोंडी 'ना'काराचा शब्द घातला. गडाची ही विटंबना म्हणजे महाराजांची विटंबना. हा राजद्रोह आहे." त्या गडाचे किल्लेदार हैबतराव तेथेच होते, गड कितीदा 'नाही' म्हणतो हे त्यांस ठाऊक होते; परंतु ते मूग गिळोन बसले. महाराज म्हणाले, "बाई, यावर बोलणे काय?" भिवराबाई म्हणाल्या, "महाराज, गड खरोखर ज्या दिवशी नकार देईल त्या दिवशी द्वार काय करील, हे मी आधीच पाहून ठेविले. विटंबना माझ्या बहुरूप्याने केली नाही. ज्यांनी गडाचे अर्धे बोलणे केरात टाकिले त्यांनी केली." पंत कडाडले, "मुहूर्त ठरला आहे! तोरणे बांधिली आहेत! निमंत्रणे गेली आहेत!" बाई म्हणाल्या, "साप निमंत्रण बघोन चावत नाही, पंत." महाराजांनी एकवार तोरणांकडे पाहिले आणि एकवार बाईंकडे, आणि मन कच्चे केले. म्हणाले, "बाई, तूर्त शिक्का करावा. उणे असेल ते मागाहून निस्तरू." आणि भिवराबाई ताठ उभ्या राहोन बोलिल्या, "नाही."

तीन पिढ्यांत तो शब्द त्या छताखाली उमटला नव्हता. भालदाराच्या हातची काठी सुटली. कोणी कोणाकडे पाहीना. पंत म्हणाले, "काय म्हणालात?" बाई म्हणाल्या, "नाही म्हणाले. ऐकू आले नसेल तर आणखी एकदा म्हणते. शिक्का माझा आहे, आणि खोट्या द्वारावर तो उठणार नाही. मान उतरवायची असेल तर उतरवा. शिक्का मात्र मग कमरेवरून सोडवून घ्यावा लागेल." आणि मुजरा करोन निघोन गेल्या. बाईंस हात लावण्याची छाती कोणास जाहली नाही, पण पंतांची बुद्धी मोठी चपळ. त्यांनी महाराजांस समजाविले की, नागपंचमीस नुसता सोहळा करू, शिक्क्याचे नंतर पाहू, आणि सोहळ्यात काही विपरीत होऊ नये म्हणोन आतल्या आत दौलूस पडद्याआड बसविले आणि ताकीद दिली, "पहिला पाठच म्हणायचा. दुसरे अक्षर काढलेस तर याद राख."

नागपंचमी उजाडली. चौघडा वाजला, महाराज पालखीतून उतरले, रयत दाटली, आणि पंत गंध लावोन असे मिरवीत होते की जणू द्वार त्यांनीच प्रसविले. महाराजांनी विचारिले, "खालपेठेच्या दवाखान्यात विषावरची लस आहे काय?" द्वारावर झळकले, 'आहे, सत्वर यावे.' टाळ्या पडल्या. तेव्हा गर्दीतून भिवराबाई पुढे आल्या. चोपदार आडवे गेले, तों महाराजांनीच त्यांस हाताने मागे सारिले. बाई द्वारापुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलिल्या, "चांदोबावरच्या दवाखान्यात विषावरची लस आहे काय?" द्वारावर झळकले, 'आहे, सत्वर यावे.' रयतेत आधी खसखस पिकली. बाई म्हणाल्या, "दिवाणसाहेबांच्या पगडीत लस आहे काय?" 'आहे, सत्वर यावे.' मग मात्र कोणी हसले नाही, कारण पुढे उभ्या असलेल्या बायाबापड्यांस काय ते उमगले, आणि एक म्हातारा ओरडला, "अरं, मग खालपेठंचं तरी खरं कशावरनं?" बाईंनी पडदा ओढिला. आत दौलू हात जोडून बसला होता. तो म्हणाला, "महाराज, मला हुकूम होता. मी पोटासाठी बोलतो." महाराज किल्लेदारांकडे वळले, तेव्हा हैबतरावांस वाचा फुटली, "महाराज, आज सकाळपासून गडावर एकही प्रश्न आलेला नाही. आम्ही वाट बघतो आहोत." महाराजांचे तोंड काळवंडले. "हुकूम कोणाचा?" पंत वर ढगांकडे पाहो लागले.

महाराज बाईंकडे वळले. मग रयतेसमोर म्हणाले, "बाई, आम्ही तोरणे पाहिली, द्वार पाहिले नाही. काय करावे ते सांगा." बाईंनी सांगितले की, गड बोलेल ते बरेवाईट जसेच्या तसे टिपावे, एकही उत्तर टाकू नये, टिपलेले शिळे होते म्हणोन वरचेवर गडास ताजे विचारावे, दौलूने सर्व स्वभावांनी द्वारास छळावे आणि द्वार टिकेल तेव्हाच उघडावे, आणि उघडताना पडद्याआड झाडून पाहावे, कोणी नकल्या राहिला नाही ना. महाराजांनी सर्व मान्य केले. कारागीर कामास लागले, दौलू दिवसभर रुसे, खेकसे, तुटे, आणि द्वार हळूहळू शहाणे जाहले. शिक्का उठला तो पिठोरी अमावास्येस. पंत म्हणाले, अमावास्या अशुभ. बाईंनी त्यांच्या देखतच शाई लाविली.

पुढे भाद्रपदात ठकू नावाची एक बाई दरबारी आली. तिचा नवरा बारकू यास बांधावर फुरशाने दंश केला होता, आणि तो वाचला होता. विसोपंत लगबगीने पुढे होऊन म्हणाले, "बाई, महाराजांच्या कृपेने लस मिळाली, म्हणोन आभार मानावयास आलीस ना?" ठकू म्हणाली, "लस तर व्हतीच कुठंतरी, साहेब. खालच्या दवाखान्याचं इचारलं तवा तुमच्या दारानं सांगितलं, इथं नाही, वाट बघू नका, वरपेठंला हाय, तिकडं न्या. मी बैलं तशीच वळवली. मागच्या साली माझ्या भावाला साप चावला तवा सगळी म्हणली, हाय हाय, मिळंल. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर त्याला मांडीवर घेऊन बसलो, तो तिथंच गेला. म्हणून आले. ते 'नाही' कुणी सांगितलं, त्याचे पाय दाखवा." महाराजांनी भिवराबाईंकडे बोट केले. ठकू गेली आणि बाईंच्या गळ्यात पडोन रडली, आणि बाईही रडल्या, सर्वांदेखत, आणि पदर डोळ्यांस लाविला नाही.

येणेप्रमाणे जे ऐकिले ते गाळल्यावाचून उतरिले. विसोपंत दिवाणगिरीवर आहेत, दौलू पडद्याआड आहे, शिक्का भिवराबाईंच्या कमरेस आहे. आणि बारकू आहे.