दाभोळ आमच्या गटात

देवरूखच्या शाळेतले क्रीडाशिक्षक गंगाराम मांडवकर यांनी रविवारी सकाळी मोबाइलवर एक वाक्य लिहिलं, ‘दाभोळ आमच्या गटात असतं तर किती बरं झालं असतं.’ असली वाक्यं ते आठवड्यातून दोनदा तरी लिहीत. दाभोळच्या कमला पावसकरांच्या नावापुढे लिहायची, दोनदा वाचायची आणि पुसून टाकायची, असा त्यांचा सहा वर्षांचा नेम होता. त्या दिवशी मात्र चष्मा कपाळावर राहिला. वाक्य कमलाबाईंच्या नावापुढे न पडता ‘रत्नागिरी प्रोफेशनल बास्केटबॉल लीग’च्या ग्रुपवर पडलं, आणि हात लागून गेलंही.

सर ते पुसणार, तोच बुरोंडी संघाच्या स्वरूपचा प्रश्न आला, “का हो सर?”

ही लीग आंब्याच्या कॅनिंगवाल्या जानूशेठनी सुरू केली होती. खेळाडूंना येण्याजाण्याचा खर्च आणि सामन्यानंतर मासळीचं जेवण मिळे, म्हणून ती प्रोफेशनल. शेठ पहाटे उठून टीव्हीवर अमेरिकेतले सामने बघत. तिकडे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, म्हणून इकडेही दोन. दाभोळ, बुरोंडी, गुहागर, जयगड हा किनारा गट. देवरूख, संगमेश्वर, लांजा, साखरपा हा डोंगर गट. सामने आपापल्या गटात खेळायचे आणि दोन्ही गटांतल्या पहिल्यांनी फायनलला भेटायचं. किनाऱ्यावरची पोरं जाळी ओढून खांद्यांत भरलेली. डोंगराकडची जी उंच होत, ती बारावी झाली की मुंबईला नोकरीला जात. खेळायला उरत ती बुटकी आणि हौशी. त्यामुळे फायनल दरवर्षी दाभोळच जिंके, तीसतीस गुणांनी. देवरूख दरवर्षी आठवं येई. आठच संघ होते.

कमलाबाई दाभोळच्या प्रशिक्षक. सव्वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरला क्रीडाशिक्षणाच्या कोर्सला दोघं एकत्र होते. शेवटच्या दिवशी एसटी स्टँडवर त्या म्हणाल्या होत्या, “या कधीतरी दाभोळला.” पुढे सरांच्या मागे धाकट्या भावांची शिक्षणं लागली, कमलाबाईंच्या मागे अंथरुणाला खिळलेली आई. दोघांचंही लग्न राहून गेलं. आता भाऊ मार्गी लागले होते, तिकडची आईही गेली होती. पण उठून नुसतंच दाभोळला कसं जायचं, हे काही सरांना सुचत नव्हतं. काय म्हणून जायचं? सामना असता तर संघ घेऊन जाता आलं असतं. आणि सामना पडायला देवरूख फायनलला पोचायला हवं. म्हणजे संपलंच.

“सर, का म्हणून विचारलंव,” स्वरूपने पुन्हा लिहिलं.

सरांनी घाईघाईने उत्तर टाकलं, “स्पर्धेत असमतोल आहे. गटांची फेररचना व्हावी.”

पाच मिनिटांत जानूशेठचा फोन. “मांडवकर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात! तिकडं अमेरिकेतपण हीच बोंब चाललीय. पुढच्या रविवारी रत्नागिरीला मीटिंग लावतो. तुम्ही आराखडा घेऊन या.”

सरांनी आयुष्यात शाळेच्या वेळापत्रकापलीकडे आराखडा केला नव्हता. आठवडाभर त्यांनी कागदांचा ढीग पाडला. नकाशावर आडवी रेघ ओढून उत्तरेला एक गट, दक्षिणेला दुसरा, असं करून पाहिलं. दाभोळ उत्तरेला गेलं, देवरूख दक्षिणेला. खेळाडूंच्या सरासरी वयाप्रमाणे लावलं, तर दाभोळ चौथं आलं आणि देवरूख पाचवं. बरोबर मधोमध रेघ पडली. सरांनी तो कागद चुरगळून खिडकीबाहेर फेकला, मग बाहेर जाऊन उचलून आणला.

मीटिंगला कमलाबाई येतील म्हणून सरांनी नवा शर्ट घातला. दाभोळकडून मॅनेजर आला. संगमेश्वरचे चिमाजी म्हणाले, “आमचा गट आमाला बरा हाय. हरतंव, पन जेवायला घरी येतंव. दाभोळास गेलो तर खाडी उतरायची, फेरीबोटीची वाट बघायची. हरायला येवढ्या लांब कशाला?” स्वरूपला बुरोंडी डोंगर गटात हवी होती, “आमाला हवाबदल हवाय.” लांजा म्हणालं, उंची मोजून गट करा. साखरप्याच्या माणसाने लगेच चपला घालून उंची वाढवली.

शेवटी जानूशेठनीच तोडगा काढला. पुढच्या हंगामाला या हंगामाच्या एकत्रित गुणतक्त्यातला पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा एका गटात. दुसरा, तिसरा, सहावा, सातवा दुसऱ्या गटात. सरांनी बोटांवर मोजलं. पहिलं दाभोळ. आठवं देवरूख. एक गट! ते इतक्या जोरात “मंजूर” म्हणाले की चहावाल्याने कपबशा सावरल्या.

ग्रुपवर निर्णय जाहीर झाला. कमलाबाईंनी एकच शब्द लिहिला, “ठीक.” सरांनी तो संध्याकाळपर्यंत चाळीसदा वाचला. त्यात कधी आनंद दिसे, कधी राग, कधी नुसतं ठीक.

आता करायचं काहीच नव्हतं. एक सामना उरला होता, लांज्याशी. लांजा सातवं, देवरूख आठवं. तो नेहमीप्रमाणे हरला की झालं, आणि हरण्याच्या बाबतीत सरांचा आपल्या संघावर पूर्ण विश्वास होता.

पण संघाला वेगळंच कळलं होतं. कप्तान रितेश वीजमंडळात लाइनमन होता. त्याने पोरांना गोळा करून सांगितलं, “आपले सर आपल्यासाठी सगळ्या जिल्ह्याशी भांडून आले. असमतोल म्हंजे काय ठाव हाय काय? आपणच तो असमतोल. सरांची लाज राखायची.” मग पोरं सरांना न सांगता पहाटे साडेपाचला कोर्टवर यायला लागली. रितेश तर खांबावर चढला असतानाही हवेत हात फिरवून नेम धरताना लोकांनी पाहिला.

सामना रविवारी सकाळी दहाला देवरूखला झाला. पहिल्या दहा मिनिटांतच सरांनी खुर्ची सोडली. पोरं धावत होती! एकमेकांना पास देत होती! आणि ओमकारने, ज्याचा चेंडू रिंगला लागला तरी टाळ्या पडत, त्याने लांबून दोन टाकले.

शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा लांजा एका गुणाने पुढे होतं. रितेशने टाइमआउट घेतला. सगळे सरांभोवती जमले, घामाने निथळत.

“सर, काय करू? तुमी सांगाल तसं.”

सरांच्या तोंडाशी आलं होतं, ‘तूच मार लांबून.’ रितेशचा लांबून कधीच जात नसे. कुणाला संशयही आला नसता. सरांनी त्या पाच चेहऱ्यांकडे पाहिलं. ओमकारचा गुडघा सोलवटला होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

“रितेश, तू डावीकडनं आत घुस,” सर हळू म्हणाले. “दोघं तुझ्यावर येतील. ओमकार मोकळा राहील. त्याला दे.”

तसंच झालं. चेंडू रिंगवर फिरला, थबकला आणि आत पडला. देवरूख सातवं आलं. पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“सर किती खूश झालेत बघा!” रितेश ओरडला.

सरांनी घरी येऊन निकाल ग्रुपवर टाकला आणि जेवण न करता पडून राहिले. सातवं म्हणजे दुसरा गट. दाभोळचा शेवटचा सामना संध्याकाळी बुरोंडीशी होता; तो दाभोळ जिंकणार, पहिलं येणार आणि फायनल खेळणार, हे जिल्ह्यातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

साडेसातला मोबाइल वाजला. बुरोंडी एकसष्ट, दाभोळ अठ्ठावन्न. स्वरूपने ढोलताशाचे सहा व्हिडिओ टाकले होते. सर उठून बसले. बुरोंडी पहिली, दाभोळ दुसरं. दुसरा, तिसरा, सहावा, सातवा. त्यांनी बोटं मोजली, मग कागदावर मांडलं, मग पुन्हा बोटं मोजली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन आला. नाव बघून सर उभे राहिले.

“मांडवकर सर, मी कमला बोलतेय.”

“हो. म्हणजे... वाईट वाटलं. तुमचा पराभव...”

“प्रज्ञेशला बसवलं होतं. पाय मुरगळला त्याचा.” प्रज्ञेश म्हणजे दाभोळचा सर्वांत उंच खेळाडू.

“अरेरे! फार लागलंय का?”

“नाही. आज सकाळी बरा झाला.”

“पण बाई, फायनल गेली तुमची!”

“सहा वर्षं बघितली फायनल. दरवर्षी समोर बघायचे, तर कधी संगमेश्वर, कधी लांजा. तुम्ही काही येईनात. गाव बोलत नाहीये माझ्याशी. आज कोळणीने मासळीसुद्धा दिली नाही.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

“तुमचा सामना सकाळीच संपला होता, सर,” कमलाबाई म्हणाल्या. “आमचा संध्याकाळी होता.”