बंद दाराआडचा जामीन

न्यायाधीशबाई दालनाच्या बाथरूममध्ये हात धुवायला गेल्या आणि दाराचं खटक्याचं कुलूप अडकलं. बाहेर दोघंच होते: संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या नव्या कायद्याखाली पहिली अटक करणारे फौजदार, आणि जामिनासाठी समोर आणलेला, अटक झालेला किल्लीवाला. बिचाऱ्यानं एका गिऱ्हाइकाला किल्ली करून दिली, आणि गिऱ्हाईक निघालं टोळीचं. या कायद्यात जामीन मिळणं महाकठीण. सुटल्यावर आरोपी पुन्हा तसलं काही करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागे.

"अहो, उघडा कोणीतरी!"

फौजदारांनी खांदा लावला. दार ढिम्म हललं नाही, खांदा मात्र कामातून गेला. शेवटी त्यांनी किल्लीवाल्याच्या बेड्या काढल्या.

"उघड. तुझ्या हातचा मळ आहे."

"नाही साहेब. कानाला खडा लावलाय. परक्या कुलपाला हात लावणार नाही."

"अरे, मी सांगतोय!"

"आत्ता सांगाल, आणि उद्या कोर्टात म्हणाल, बघा, याची खोड जात नाही."

फौजदारांना हे सुचलंच नव्हतं. सुचलं असतं, तर त्यांनी नक्की केलं असतं.

त्यांनी दम दिला, चहा मागवला, खांद्यावर हात टाकून 'मित्रा' म्हणून पाहिलं. आतून बाईंनीही विनवलं. किल्लीवाला हाताची घडी घालून उभाच.

"मॅडम, रागावू नका. घरी लेकरं वाट बघतायत. मला सुटायचंय."

बाईंनी आतून विचारलं, "फौजदार, जामिनाला हरकत काय तुमची?"

"सराईत आहे, मॅडम! कुलूप दिसलं की याला राहवत नाही!"

बोलून झाल्यावर फौजदारांनी जीभ चावली.

"इतका वेळ मी गयावया करतेय, तरी हा कुलपाला हात लावत नाही. माझी खात्री पटली. जामिनाचा कागद सरकवा आत."

फौजदार हट्टाला पेटले. "निदान अट तरी घाला, मॅडम! खटला संपेपर्यंत कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही!"

"रास्त आहे," बाई सवयीनं म्हणाल्या. कागद दाराखालून आत गेला आणि सही होऊन बाहेर आला. किल्लीवाल्यानं तो कपाळाला लावला, खिशात घातला आणि चपला सरकवल्या.

"अरे, दार?"

"अट तुमचीच ना, साहेब?" म्हणत तो जिना उतरून गेलासुद्धा.

"फौजदार, लागला का तो कामाला?"

"गेला, मॅडम," फौजदार म्हणाले. "जामिनावर."