देवाजीभाऊ आणि जुनं पायथन

देवाजीभाऊ कॉम्प्युटरशी भांडताना उभे राहतात. बसून राग नीट येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

चिमूरच्या कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. भाऊंनी गोंडी-मराठी शब्दकोशाचा एक प्रोग्राम लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलाय. कोणीही घ्यावा, कोणीही दुरुस्त करावा. तो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे. त्या भाषेची जुनी आवृत्ती बनवणाऱ्यांनीच कधीची सोडून दिली, तरी भाऊ प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायचे. एकदा नव्यासाठी, एकदा जुन्यासाठी. दोन्ही वेळा तेवढ्याच शिव्या देत.

जुन्यावर अडून बसलेल्यांना ते 'मुडदे' म्हणत. मी म्हटलं, मग जुनं बंद करून टाका. तर माझ्यावरच उखडले.

"तुले का त्रास होऊन राह्यला? मी करतो ना!"

'जुनं बंद' अशी सूचना त्यांनी तीनदा लिहिली आणि तीनदा स्वतःच पुसली.

शेवटी मला कळलं. जुनी आवृत्ती वापरणारं एकच माणूस उरलं होतं. धानोऱ्याकडच्या एका शाळेतल्या कुसुमबाई. गावातल्या म्हाताऱ्यांकडून त्या गोंडी शब्द गोळा करतात. शाळेच्या जुनाट कॉम्प्युटरवर नवं चालतच नव्हतं. दर शनिवारी काहीतरी अडायचं, बाई फोन करायच्या, आणि भाऊ तासभर खेकसायचे. बाई सगळं ऐकून घेत आणि मग विचारत, झालं असेल तर नवे शब्द सांगू का?

मागच्या महिन्यात भाऊंच्याच एका दुरुस्तीमुळे बाईंचे महिनाभराचे शब्द उडाले. त्या दिवशी भाऊंनी टेबलावर मूठ आपटली आणि पहिल्यांदाच स्वतःला शिव्या घातल्या. लगेच प्रोग्राममधली जुन्या आवृत्तीची सोय काढून टाकली, नवं चालणारा आपला लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीनं धानोरा गाठलं. दोन दिवस राहून, बाईंच्या वहीतून सगळे शब्द पुन्हा भरून, लॅपटॉप तिथंच ठेवून परत आले.

पुढच्या शनिवारी दुपार उलटली तरी फोन वाजला नाही. बाईंचं काम नीट चालू असेल, असं मी म्हणालो.

"चालूच असन. मीच तसं करून आलो ना."

मग तुम्हीच फोन लावा की, मी सुचवलं. भाऊंनी मोबाइल उचलला, बाईंचा नंबर काढला आणि परत खाली ठेवला.

"अन् का सांगू त्याईले?" ते हळूच म्हणाले. "काई बिघडलं नाई म्हनून?"