खिसा असलेला लंगोट

बाळाला कापडी लंगोट बांधावेत की विकतचे डायपर, या प्रश्नावर माझं मत पहिल्यापासून अत्यंत शास्त्रीय होतं. डायपर! ज्याच्या कपाटात जुने मऊ सदरे असतात, त्या प्रत्येक माणसाचं मत असंच शास्त्रीय असतं.

कारण सोपं आहे. नवं कापड बाळाला टोचतं. लंगोटाला लागतं वापरून वापरून लोण्यासारखं झालेलं कापड, तेही वडीलधाऱ्यांच्या अंगावरचं. म्हणजे आशीर्वादही परस्पर जागेवर पोचतो! आणि आमच्या घरात लोण्यासारखं काही असेल, तर ते माझे सहा मलमलीचे सदरे. (स्वभावही आहे, पण तो कात्रीने कापता येत नाही.) वीस वर्षं अंगावर मुरवून मी ते तसे केले होते. निवृत्तीनंतर माणसाला दुसरं काय हवं? एक खुर्ची, एक पेन आणि न टोचणारा सदरा.

यंदा, १९९९ साली, आमची छाया पहिल्या बाळंतपणाला नाशिकमधल्याच माहेरी आली. नातू झाला, आणि आमच्या सौ. कात्री घेऊन माझ्या कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, मऊ सदरे कुठे गेले?"

"धोब्याकडे."

"तुमचे सदरे? धोब्याकडे?"

"नातू झाला. म्हटलं, आता जरा नीटनेटकं राहावं."

सदरे मागच्या व्हरांड्यात वॉशिंग मशीनमध्ये होते. अंबडच्या कंपनीत इंजिनिअर असलेल्या आमच्या जावयांनी, सुनीलरावांनी, ते दिवाळीला आणून दिलं होतं. सौ.चा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्या त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवत. झाकण कधी उघडलेलंच नव्हतं. शहरात त्याहून सुरक्षित तिजोरी कुठल्या बँकेत नसेल! सदरे आत ठेवून, बरण्या पुन्हा जागच्या जागी लावून मी मेडिकलमधून डायपरचं मोठं पाकीट आणलं.

बारशाला कळवणहून विहीणबाई आल्या. सावित्रीबाई. येतानाच काखेत गाठोडं.

"व्याहीबुवा, ह्ये आमच्या मालकांच्या धोतराचे लंगोट. येकच मऊ धोतर व्हतं त्यांचं. सोताच्या हातानं फाडून दिलं बघा!"

जमलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. सौ. तर अशा बघत होत्या, की मला अंगातल्या सदऱ्याचीही काळजी वाटली. आता गप्प बसणं धोक्याचं होतं. मी उठलो.

"विहीणबाई, धोतराचं युग संपलं! हे बघा विज्ञान!"

परातीत डायपर मांडला आणि तांब्यातून पाणी ओतायला लागलो. एक पेला. दोन पेले. अख्खा तांब्या! डायपर फुगून लाल भोपळ्याएवढा झाला, परात कोरडी ठणठणीत.

"पडला एक तरी थेंब?"

"नाय बा," विहीणबाई म्हणाल्या. "पर व्याहीबुवा, पोरगं हाय का टँकर?"

हशा झाला. पण जिंकलो मीच! छाया म्हणाली, "आई, बाबांचं बरोबर आहे. मला रात्री झोप तरी मिळेल." सौ.नी कात्री खणात टाकली. मी समाधानाने घुगऱ्यांची दुसरी वाटी उचलली.

"आन् ह्याचं काय करायचं?" विहीणबाईंनी तो भोपळा दोन्ही हातांनी उचलला.

"फेकून द्यायचं."

"नवंकोरं? नुस्तं पाणी तर पिलंय!"

त्या डायपर घेऊन आत गेल्या. मी बायकांना विज्ञानाविषयी आणखी थोडं सांगत होतो. इतक्यात व्हरांड्यातून घर्रर्र आवाज आला आणि पाठोपाठ सुनीलराव:

"बघ आई, बटण दाबलं की झालं! हातसुद्धा भिजवायला नको!"

घुगऱ्यांची वाटी मी तिथेच टाकली. मी धावलो. माझ्यामागे सौ., सौ.मागे सगळं बारसं!

"सुनीलराव, बंद करा ते!"

"घाबरू नका बाबा, काही होत नाही. आत थोडी जुनी फडकीही होती. तीपण निघतील धुऊन."

फडकी!

झाकण उघडलं. डायपर फुटला होता, आणि त्याच्या पोटातला तो बुळबुळीत लगदा सगळीकडे पसरला होता. साबुदाण्याच्या खिचडीत कुणी सहा सदरे परतावेत, तसं दृश्य होतं. सौ.नी चिमटीत धरून एक सदरा वर काढला.

"हा धोबी आपल्या मशीनमध्ये कधीपासून राहायला आला?"

अशा वेळी पुरुषाजवळ एकच उपाय उरतो. चिडणे.

"फाडा!" मी ओरडलो. "सगळे फाडून टाका! मला नकोत असल्या चिंध्या!"

"बघा हं," सौ. म्हणाल्या.

"बघितलं!"

खरं तर "असू द्या हो, धुऊन बघू" असं कुणीतरी म्हणेल, अशी माझी खात्री होती. कुणीही म्हणालं नाही. मी तरातरा खोलीत गेलो, पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि रागाच्या भरात गाढ झोपलो.

संध्याकाळी उठून खिडकीतून बघतो तो काय! दोरीवर माझं मलमल झुळझुळत होतं. पांढरंशुभ्र! उन्हात तो लगदा वाळला होता आणि विहीणबाईंनी झटकल्यावर कोंड्यासारखा उडून गेला होता. मी अनवाणी अंगणात धावलो, सदरा दोरीवरून ओढला, बाह्या शोधल्या. बाह्या नव्हत्या. गळाही नव्हता. चौकोन होता.

"मन लय मोठं हाय व्याहीबुवांचं," विहीणबाई सौ.ना सांगत होत्या. "आमच्या मालकांनी येक धोतर दिलं, तर आठ दिवस सांगत फिरले गावभर. ह्यांनी सहाच्या सहा दिले!"

उरलेले डायपर त्या कळवणला घेऊन गेल्या. व्याह्यांनी ते गुलाबाच्या मुळाशी पुरलेत, उन्हाळ्यात ओल टिकते म्हणे. शास्त्रीय मत वाया जात नाही, ते असं.

मी आता कुठल्याशा सत्कारात मिळालेला खादीचा कुडता घालतो. तो पोत्यासारखा टोचतो. मांडीवर मात्र नातू चिरंजीव ओम मलमलीत लोळत असतात. एका लंगोटावरचा खिसा घाईत काढायचा राहून गेलाय, त्यावर माझ्या पेनाचा शाईचा डागही तसाच आहे. परवा काहीतरी लिहायचं सुचलं, म्हणून सवयीने पेन काढायला त्या खिशात हात घातला.

पेन सोडलं तर वीस वर्षांत पहिल्यांदाच तो खिसा भरलेला होता!