गडावरचे दोघे

नरहरतात्यांना सुतक आहे असे कळले, तरी आमच्या आळीत कोणी भेटायला जात नसे. त्यांनी कादंबरीत कोणाला तरी मारले आहे, एवढाच त्याचा अर्थ असे.

मी मात्र पहिल्यांदा फसले. सोलापुरात नोकरीला आले तेव्हा घरी सत्यनारायण घातला आणि शेजारी म्हणून त्यांना बोलवायला गेले. तात्या दाढी वाढवून ओसरीवर बसलेले.

"प्रसादाला जमायचं नाही, बाई. सुतक आहे."

मी आवाज उतरवून विचारले, "कोण गेलं?"

"किल्लेदार. काल संध्याकाळी. पाठीत बाण लागला."

आतून काकूंचा आवाज आला, "दाढी करा आणि जा प्रसादाला. तो किल्लेदार तुमचा कोण लागत होता?"

"मीच जन्माला घातला की त्याला," तात्या म्हणाले.

नियम ठरलेले होते. जिव्हाळ्याचे पात्र गेले तर पूर्ण सुतक, येऊनजाऊन असलेल्याला तीन दिवस, दुष्टाला नुसती आंघोळ. लढाईत पडलेल्या फौजेसाठी सगळ्यांची मिळून एकच आंघोळ. काकू म्हणत, "मारता कशाला? बदली करा की त्याची दुसऱ्या गडावर."

तात्या गिरणीत हजेरीचे कारकून. भोंगा झाला की घरी येत, पाय धूत आणि थेट बहामनी राज्यात जात. त्यांची कादंबरी एका स्थानिक साप्ताहिकात दर आठवड्याला येई. वीरसेन आणि याकूब हे तिच्यातले दोन स्वार. खोटी शपथ घेणाऱ्याला पाण्यात आपले तोंड दिसत नाही, अशा एका विहिरीवर दोघांनी मैत्रीची आण घेतली होती; एकाने बेलभंडार उचलून, दुसऱ्याने कुराणावर हात ठेवून. वीरसेन संध्येला बसला की याकूब पहारा देई, याकूब नमाजाला उभा राहिला की वीरसेन. आणि राक्षस येत ते नेमके त्याच वेळी.

मी एकदा विचारले, "तुमच्या राक्षसांना दुसरी वेळ मिळत नाही का?"

"दुसऱ्या वेळी दोघंही जागे असतात, बाई," तात्या म्हणाले. "मग दोस्त काय कामाचा?"

मजकूर न्यायला छापखान्यातून इब्राहीमभाई स्वतः येत. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे काम त्यांचेच. तात्यांचे अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नसे. काकूंनी त्यांची कपबशी वेगळी करून ओसरीच्या कोनाड्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तात्यांनी आपलीही कपबशी आतून आणून तिच्या शेजारी ठेवली आणि त्यानंतर घरात कधी चहा घेतला नाही.

याकूबचा म्हातारा बाप मेला तेव्हा तात्यांनी इब्राहीमभाईंना फातिहा पढायला सांगितले.

"जो पैदाच नै हुआ, उसका फातिहा कायकू, तात्या?"

"तुझ्याच बोटांनी जुळवलास की त्याला. पैदा कसा नाही?"

इब्राहीमभाईंनी थोडा विचार केला आणि पढले. जाताना मला म्हणाले, "बाई, अच्छा आदमी था बुढ्ढा. तात्याने जल्दी करी."

मग त्या वर्षी गावात मिरवणुकीवरून कुरबूर झाली. दुकाने दोन दिवस बंद राहिली, मग उघडली, पण लोक एकमेकांकडे तिरके पाहू लागले. साप्ताहिकाच्या मालकाने तात्यांना बोलावून सांगितले की पुढच्या प्रकरणात याकूब फितूर निघाला पाहिजे. वाचकांना सध्या तेच हवे आहे. नाहीतर कादंबरी बंद.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. काकूंनी मला बोलावून घेतले. मी व्यवहाराचे सांगितले, "कागदावरचा माणूस आहे. या अंकात होऊ द्या फितूर. पुढच्या अंकात गैरसमज होता म्हणून लिहा."

"लिहीन. पण तो अंक जुळवणार कोण, बाई? इब्राहीमच की. त्याच्याच हातून एकेक खिळा लावून घेऊ?"

एवढ्यात इब्राहीमभाईच आले. मालकाचे म्हणणे त्यांच्याही कानावर गेले होते. चपला काढायच्या आधीच ते सुरू झाले.

"लिख डाल, तात्या. मैं जोडतूं. मेरेकू कुछ नै होता."

"तुला होत नसेल. मला होतं."

"अरे, बंद पडी तो क्या करेगा तू? हजेरी लिखते बैठेगा?"

"बसेन."

"इसकू समजाव, बाई. दूसरा है क्या इसके पास?"

"चहा निवतोय तुझा," तात्या म्हणाले.

दोघेही हटेनात. मी डाळ निवडायला घरी गेले. माणूस चुकतो आहे असे वाटूनही त्याच्याबद्दल आदर वाटावा, असे माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

कादंबरी बंद पडली. वीरसेन आणि याकूब वेढलेल्या गडावर राहिले ते राहिलेच. मालकाने त्या जागी पाककृती सुरू केल्या. त्या बऱ्या होत्या.

पुढे शिशाचे खिळे पाहून पाहून इब्राहीमभाईंची नजर गेली आणि ते होटगीला, रेल्वेत असलेल्या मुलाकडे, राहायला गेले. त्याच सुमारास काकू वारल्या. त्यांचे सुतक तात्यांनी कसे पाळले ते मी पाहिले आहे; त्याबद्दल लिहीत नाही. त्यानंतर तात्या दर रविवारी सकाळी धुतलेले धोतर नेसून कुठेतरी जाऊ लागले. आळीत कोणी म्हणे देवाला जातात, कोणी म्हणे दुसरे लग्न करणार.

विजापूरला बहिणीकडे जाताना होटगीला गाडी बदलावी लागते. तिथे फलाटाच्या टोकाला लिंबाखालच्या बाकावर दोघे बसलेले दिसले. तात्या हातातले कागद मोठ्याने वाचत होते. इब्राहीमभाई डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच म्हणत, "हौ, फिर?" गडाचा वेढा अजून उठलेला नव्हता. याकूब तटावरून दोर सोडत होता. मी उभी राहून ऐकले. पूर्वी छापून यायचे त्याहून फारच चांगले लिहिले होते.

तात्या तांब्या भरायला नळावर आले, तेव्हा मी त्यांना गाठले.

"हे पुण्याच्या एखाद्या मासिकाला पाठवा. नक्कल मी करून देते. तिकडे तुमच्या मालकाचं काही चालायचं नाही."

तात्यांनी तांब्या भरू दिला. मग हळू आवाजात म्हणाले, "छापून आलं की त्याची नात वाचून दाखवील, बाई. शिकलेली आहे. मग रविवारी मी कुठं जाऊ?"

बाकावरून हाक आली, "क्या बोल रई बाई?"

"गाडीची वेळ विचारतायत," तात्यांनी सांगितले, आणि चष्मा पुसत पुढचे पान काढले.