मोज्यांचं विभाजन

"मोजे कुठेत?" बाईंनी विचारलं, आणि अख्खा वर्ग छताकडे बघायला लागला.

पेशीविभाजन शिकवायचंय, घरून मोज्यांची एकेक जोडी आणा, असं सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. एकानं आणली असेल तर शपथ! त्यात मुख्याध्यापकांनी सकाळीच दम भरला होता, "बाई, आज गोंधळ झाला तर तुमचे हे खेळ बंद. फळा आणि खडू, बस्स."

"पायातले काढा!" बाई कडाडल्या.

"पायातले?"

"मग काय माझे काढू?"

वर्ग नुकताच मैदानावरून आला होता. मोजे निघाले आणि असा वास सुटला की मागच्या बाकांनी शर्टात नाकं खुपसली. खिडक्या उघडून भागेना, म्हणून दारही उघडलं.

जमिनीवर दोरीचं मोठं कडं म्हणजे पेशी. चिमट्यानं जोडलेली मोज्यांची जोडी म्हणजे दुप्पट झालेलं एक गुणसूत्र. सगळ्या जोड्या मधोमध रांगेत मांडल्या. "एक मोजा खिडकीवाल्यांचा, एक दारवाल्यांचा. ओढा!"

पोरांनी जन्माचं वैर असल्यासारखं ओढलं. चिमटे कपाटावर जाऊन आदळले, आणि आरोळ्या उघड्या दारातून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचल्या. ते तरातरा आले ते दोरीच्या मधोमधच येऊन उभे राहिले.

"शाळा आहे की मासळीबाजार? वाससुद्धा तसाच!"

 पहिल्या बाकावरची चष्मेवाली मात्र बोटांवर मोजत होती. "बाई, दोन्ही बाजूंना एकेक कमी आहे."

"कसं कमी?"

"सर उभेत त्याच्यावर."

सकाळपासून गिळलेला संताप बाईंच्या टाळूला भिडला. "सर, पाय उचला!"

बिचाऱ्यांनी दचकून उचलला. दारवाल्यांनी मोजा ओढला, येईना.

"दुसरापण, सर," चष्मेवाली म्हणाली.

"दोन्ही कसे उचलू? मी काय बेडूक आहे?"

"मग उडी मारा!" बाईंचा आता स्वतःवरही ताबा उरला नव्हता.

मुख्याध्यापकांनी उडी मारली. फट्‌कन चिमटा सुटला, मोजे दोन दिशांना गेले. शिकवल्याप्रमाणे पोरांनी लगेच दोरी मधोमध चिमटून बांधली. एका पेशीच्या दोन झाल्या.

"बाई, उद्यापासून..." मुख्याध्यापकांनी बोट उगारलं.

"सर, तुम्ही कुठल्या पेशीत?" चष्मेवालीनं मधेच विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. एक बूट या कड्यात, एक त्या. "दोन्हीत," ते ओशाळून म्हणाले.

"तसं नाही चालत. बिघाड होतो."

"कसला बिघाड?"

"एकीत जास्त, एकीत कमी!" खिडकीवाले ओरडले. "मग ती धड वाढत नाही!" दारवाले. एरवी प्रश्न विचारला की बाकाखाली पेन्सिली शोधणारा हाच तो वर्ग! मुख्याध्यापक दोन्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी एक पाय उचलला, खिडकीकडच्या पेशीत नेला आणि तिथंच मांडी घातली.

"हं, बाई. पुढे?"

बाईंचा पारा तसूभरही उतरला नव्हता.

"पुढे काय? बूट काढा, सर. आणि मोजे इकडे द्या."